मूठभर राता भात

“आजी, अजून एकच मूठ!” नवरी शिवानीने उखळाजवळून हात पुढे केला आणि ठमाबाईंनी मांडीवरच्या मडक्यात पुन्हा हात घातला. आपली सासू नातीपुढे इतकी विरघळेल, असं निशिगंधाला कधी वाटलं नव्हतं.

मडक्यात राता भात होता. तांबडा, दिवा गावच्या खाडीकाठच्या खाऱ्या पाण्यातही तग धरणारा. शेतं विकली गेली, त्यांवर टॉवर उभे राहिले, तरी ठमाबाईंनी बांधालगतच्या एका पट्टीवर तो दरवर्षी पेरून जिवंत ठेवला होता. यंदा त्या पट्टीवर कुणीतरी डेब्रिजचे डंपर रिकामे केले. पीक गेलं. उरलं ते मडक्यातलं एवढंच बियाणं. पावसाळ्यात ते निशिगंधाच्या माहेरी, आंबिवलीला पेरायचं ठरलं होतं. गावात दुसऱ्या कुणाकडे दाणाही नव्हता. तिने दारोदार विचारून पाहिलं होतं.

हळदीआधी नवरीने सुवासिनींसोबत मूठभर भात कांडायचा, एवढीच रीत. एका मुठीला निशिगंधाचीही ना नव्हती. पण राकेश व्हिडिओवाला आला आणि रीतीचं रील झालं. एकदा कुणाचा पदर सरकला. एकदा मुसळ उचलताना शिवानीचं हसू मावळलं. मग गॉगल घालून, मग स्लो मोशनमध्ये. दर वेळी राकेश ओरडायचा, “वन्स मोर, ताई!” आणि दर वेळी उखळात नवी मूठ पडायची.

“आई, तेच परत कांडू दे ना त्यांना,” निशिगंधा काकुळतीला आली.

“कांडलेला परत कांडाचा नाय,” ठमाबाई म्हणाल्या. “पोरीला अपशकून होतो.”

“मग दुकानातले तांदूळ घाला!”

“उखलात भात लागतो. तांदूल नाय.”

रीतीतलं इकडचं तिकडे होऊ द्यायचं नाही आणि ज्या दाण्याची रीत, तोच कांडून संपवायचा! निशिगंधाला या सगळ्या गोतावळ्याचीच शिसारी आली. मांडवभर कोंडा आणि फुटके दाणे पसरले होते. त्यावरून चमचमत्या चपला फिरत होत्या. कुणा पाहुण्याने पानाची पिंक टाकली, ती नेमकी त्यातच. तिने नाक मुरडलं, पण खाली बसलीच. त्या घाणीतून एखादा अख्खा दाणा हाती लागतोय का, ते चाचपू लागली.

“काकू, फ्रेममध्ये येतेयस तू!” शिवानी वैतागली. “बाजूला हो ना जरा!”

ठमाबाईंनी मडकं उपडं केलं, बुडावर थापट्या मारल्या. शेवटची मूठ उखळात पडली. मुसळ खाली आलं. टाळ्या झाल्या, डीजेने आवाज वाढवला.

“सपला गो,” ठमाबाई रिकाम्या मडक्याकडे बघत पुटपुटल्या. ऐकायला निशिगंधाशिवाय कुणी नव्हतं.

सगळ्या बायका राकेशच्या मोबाईलवर तुटून पडल्या. निशिगंधा हात झटकत उठली आणि गर्दीत घुसली.

“एवढे टेक घेतलेस,” तिने दात आवळून विचारलं, “त्यातला ठेवलास कुठला?”

“पहिलाच, काकू,” राकेश खुशीत म्हणाला. “तोच एकदम नॅचरल आलाय.”