काळीचंच दूध

“मले त्या काळीचंच द्या,” बिस्मिल्लाबी म्हणाली आणि गोठ्यासमोरच्या बाजेवर टेकली.

माणिकबाई नुकतीच तांबड्या बकरीची धार काढायला बसली होती. “चाची, दूध दूधच असते. आज हिचं घ्या ना.”

“नाही बाई. काळीचंच.”

माणिकबाई उठली आणि काळीपाशी जाऊन बसली. तीन महिने हे असंच चाललं होतं. सत्तरीची ही बाई हातात स्टीलची किटली घेऊन रोज सकाळी तिवस्याहून माणिकबाईच्या वावरापर्यंत पायी यायची. पाव लिटर दूध घ्यायची. पण लगेच निघायची नाही. चांगली अर्धा-पाऊण तास बसायची. काळीचे पांढरे कान कुरवाळायची, तिला बाभळीच्या शेंगा हातानं चारायची. मधूनच माणिकबाईला विचारायची, आज भाजी काय केली, लेकीचा फोन आला का.

पहिल्या दिवशी तर तिनं आल्या आल्या विचारलं होतं, “ही काळी कुठून आणली हो?”

“बाजारातून. तीन वर्सं झाली,” माणिकबाईनं सांगितलं होतं. “कावून?”

“काही नाही. असंच.”

दूध कुणासाठी, तर नातवासाठी. एवढंच तिनं सांगितलं होतं.

शालिकरामला हे पटत नव्हतं. बिस्मिल्लाबी नजरेआड झाली तसा तो बायकोला म्हणाला, “तिवस्यात दूध भेटत नाही का? एवढ्या दूर म्हातारी पाय तोडत येते, अन् दुधापेक्षा बकरीवरच नजर जास्त. मागच्या महिन्यात बाजूच्या वावरातल्या दोन बकऱ्या गेल्या. चोर आधी असंच पाहून जातात.”

“त्या बाईच्यानं धड चालनं होत नाही. ते बकरी उचलून नेईन?”

“ते नाही नेत. ते सांगते, दुसरा नेते.”

माणिकबाई हसली. पण मनात किडा वळवळला तो वळवळलाच. दोनच दिवसांनी बकऱ्यांसाठी जंताचं औषध आणायला ती तिवस्याला गेली आणि पत्ता विचारत विचारत बिस्मिल्लाबीच्या दारात पोचली.

दाराला कुलूप होतं. शेजारच्या अंगणात एक बाई चुलीवर दूध तापवत होती. बाजूला तीच स्टीलची किटली होती.

“मावशी गुडघ्याच्या औषधाले गेली,” ती म्हणाली. तिचं नाव बेबीताई. “बसा न.”

“हे दूध...”

“मावशीच आनून देते रोज. माह्या पोरीले पाजा म्हनते. तिले सोताले बकरीचं दूध चालतच नाही.”

“अन् नातू?”

“नातू पुन्याले आहे. चार वर्सं झाली, फिरकला नाही. घरी कोनीच नाही तिच्या.”

माणिकबाईची नजर कुंपणापलीकडे गेली. बिस्मिल्लाबीच्या अंगणात लिंबाखाली एक खुंटा होता. त्याच्या भोवतालची जमीन अजून गोल घासलेली दिसत होती.

“बकरी होती का चाचीची?”

“होती न. मैना. काळीभोर, कान पांढरे. तीन वर्सांआधी चोरीले गेली.” बेबीताईनं दूध उतरवलं. “मावशीनं लई शोधली. कुऱ्ह्याचा बाजार पाह्यला, कौंडण्यपूरच्या जत्रेत पाह्यलं. जेवत नव्हती बिचारी.”

जंताचं औषध बेबीताईच्या ओट्यावर विसरून ती तशीच बाहेर पडली.

घरी येऊन तिनं शालिकरामला सगळं सांगितलं. तो म्हणाला, “म्या बाजारातून घेतली. चोरून नाही आनली.”

“आपन नाही. पन कोनी तरी आनली न?”

“गोठा तिच्यावर उभा आहे, माणिक. बाकीच्या तिघी तिच्याच पोटच्या. मंग काय त्याही म्हातारीच्याच?”

“मागितल्या त त्याही.” माणिकबाईचा आवाज चढला. “तीन महिने झाले, ते बाई सोताच्याच बकरीचं दूध आपल्यापासून इकत घेऊन राहिली. एका शब्दानं बोलली नाही. मले त तिच्यापुढं धार काढाची लाज वाटते आता.”

शालिकराम उठून वावरात गेला. जेवायलासुद्धा उशिराच आला. पण सकाळी माणिकबाई गोठ्यात गेली तेव्हा काळीच्या गळ्यात नवं दावं होतं आणि तो तिच्या पाठीवरून हात फिरवत उभा होता.

“जाय,” तो म्हणाला. “म्हातारी इकडं निघाच्या आत जाय.”

काळी वाटभर अडून बसत होती, मागं वळून ओरडत होती. माणिकबाई तिला ओढत होती आणि पदरानं डोळे पुसत होती. ती पोचली तेव्हा बिस्मिल्लाबी रिकामी किटली घेऊन दाराला कुलूप घालत होती.

“चाची, मले सारं समजलं,” माणिकबाईनं दावं तिच्या हातात दिलं. “आमाले माहीत नव्हतं हो. तुमची मैना घ्या.”

बिस्मिल्लाबी दाव्याकडे बघत राहिली. मग हळूच उंबऱ्यावर बसली आणि काळीचं तोंड दोन्ही हातांत धरून तिनं आपल्याकडे वळवलं.

“माही मैना एका डोळ्यानं आंधळी होती, बाई,” ती म्हणाली. “ही माही नाही, हे मले पहिल्याच दिवशी समजलं होतं.”

तिनं दावं परत माणिकबाईच्या हातात ठेवलं. मान मात्र वर केली नाही.

“आता उद्यापासून येऊ का नको?”