उतरती बोली

"तिन्ही तऱ्हा पुन्हा एकदा सांगा न भाऊ," गोपिकाबाई म्हणाल्या.

ताराचंदने हातोडी टेबलावर ठेवली. सीताबर्डीत दर रविवारी लिलाव करता करता त्याची बारा वर्षं गेली होती, पण माल विकायला आलेल्या माणसाने एवढी उलटतपासणी घेतल्याचं त्याला आठवत नव्हतं. आणि माल तरी काय, तर एक जुनी शिलाई मशीन.

गोपिकाबाईंचे यजमान वामनराव धरमपेठेत शिंपीकाम करायचे. ते दिवाळीआधी गेले. दुकान बंद पडलं, काजं-बटणं करणारा नत्थू बेकार झाला आणि बाई भावाकडे कुहीला राहायला निघाल्या. मशीनमध्ये दीर रुपरावांचा अर्धा हिस्सा होता. रुपराव म्हणाले, लिलावच करू, म्हणजे उद्या कोणी बोट दाखवायला नको. बाईंनी मान्य केलं. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की मशीन चालती राहावी, मोडीत जाऊ नये.

असं सगळेच म्हणतात, हे ताराचंदला ठाऊक होतं. पहिल्या रांगेत चंपतराव बसायचा. तो जुन्या मशिनी घ्यायचा आणि सुटे भाग करून विकायचा. त्याच्या चार दोस्तांशी त्याचं आधीच ठरलेलं असे. कोणी भाव वाढवायचा नाही, माल पडेल किमतीत उचलायचा. त्यामुळे ताराचंदला बाईंची कीव येत होती, आणि कीव आली की तो जरा जास्तच समजावून सांगे.

पहिली चढती बोली, त्याने सांगितलं. जो जास्त बोलेल त्याचा माल. बाईंनी विचारलं, नुसता हात वर केला तर? नाही चालत, ताराचंद म्हणाला. मागे एकाने कान खाजवला आणि लोखंडी कपाट त्याच्या गळ्यात पडलं. प्रकरण ठाण्यापर्यंत गेलं. तेव्हापासून आकडा तोंडाने सांगायचा, तोही मोठ्याने.

"अन् तुम्ही लय घाई करता म्हणे?"

ताराचंद हसला. घाईचा त्याला अभिमानच होता. एक, दोन, तीन हे तो एका श्वासात म्हणायचा. भल्याभल्यांनी तोंड उघडेपर्यंत त्याची हातोडी पडलेली असे. हे तुम्हाले कोणी सांगितलं, असं त्याने विचारलं, तर बाईंनी पदर सारखा केला आणि दुसरी तऱ्हा विचारली.

दुसरी बंद चिठ्ठीची. आकडा लिहून पेटीत टाकायचा. ज्याला लिहिता येत नाही त्याने काय करावं, असा बाईंचा प्रश्न. दुसऱ्याकडून लिहून घ्यावं, ताराचंद म्हणाला.

"पण त्याले तरी आकडा सांगावाच लागन ना," बाई पुटपुटल्या.

काय डोकं आहे, ताराचंदला वाटलं. विकणाऱ्याने गिऱ्हाइकाच्या अक्षराची काळजी कशाला करावी? तरी त्याने तिसरी तऱ्हा सांगितली. संत्र्यांच्या पेट्या नरम पडायला लागल्या की तो ती वापरायचा. वरून सुरुवात करून भाव उतरवत आणायचा. तो स्वतः बोलतच असतो, म्हणून गिऱ्हाइकाने नुसतं उभं राहायचं. पहिला जो उभा राहील त्याचा माल.

"बोलावं नाही लागत?"

"नाही."

"मंग तीच करा."

ताराचंदने डोक्याला हात लावला. चंपतराव भाव तळाला जाईपर्यंत मांडी घालून बसेल, बाई, लय नुकसान होईन, असं त्याने परोपरीने सांगितलं. बाई ऐकेनात. रुपरावांची हरकत नव्हती. मग ताराचंद काय करणार?

रविवारी हॉल भरला होता. चंपतराव पहिल्या रांगेत सुपारी कातरत होता. मागच्या बाकावर तो जांभईवालाही होता. त्याला ताराचंदने ठेवलेलं हे नाव. पाच वर्षं हा माणूस येत होता, एक बोली कधी बोलला नव्हता. पंख्याखाली बसायचा आणि भर बोलीत आ वासून मोठी जांभई द्यायचा. फुकट्या, दुसरं काय.

मशीन टेबलावर आली. बाईंनी ती पुसून, तेल घालून आणली होती. ताराचंदने चारशेपासून सुरुवात केली. तीनशे नव्वद. तीनशे ऐंशी. कोणी हललं नाही. चंपतराव दोस्ताला डोळा मारून गालात हसला. तीनशे दहा. तीनशे. ताराचंदने बाईंकडे पाहिलं. त्या मशीनकडे पाहतच नव्हत्या. त्या मागे पाहत होत्या.

"दोनशे साठ," ताराचंद म्हणाला, आणि मागचा बाक करकरला.

जांभईवाला उभा होता.

चंपतरावची सुपारी हातातच राहिली. त्याचा हिशेब शंभरचा होता. रुपराव खूश झाले, एवढे येतील असं त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं. ताराचंदने हातोडी मारली. आंधळ्याच्या गायी देव राखतो, असं मनाशी म्हणत त्याने पावतीपुस्तक उघडलं.

जांभईवाला पुढे आला. त्याने चुरगळलेल्या नोटा टेबलावर ठेवल्या आणि मशीनच्या चाकावर हलकेच हात ठेवला.

"नाव?" ताराचंदने विचारलं.

त्या माणसाने तोंड उघडलं. तीच जांभई. ताराचंदने ती इतक्या जवळून कधी पाहिली नव्हती. जबडा तसाच अडकून राहिला, डोळे घट्ट मिटले, मानेच्या शिरा ताठ झाल्या.

"न..." तो म्हणाला. "न... न..."

पहिल्या रांगेत कोणीतरी हसलं. पुढचा माल खोळंबला होता. ताराचंदचा हात सवयीने हातोडीकडे गेला.

"थांबा न भाऊ," गोपिकाबाई म्हणाल्या. "वेळ लागते त्याले. पण नाव तोच सांगन."