मांडवातला ध्रुव

“दिसला का?” पवननं विचारलं.

“दिसला,” मंजुषा म्हणाली.

त्यानं स्टँडचा बोल्ट आवळला, दुर्बीण एका ताऱ्यावर लावली. तारा हळूहळू कडेला गेला आणि दिसेनासा झाला. स्टँडचा तिरपा दांडा नेमका ध्रुवाकडे रोखलेला नसला की असंच होतं. मोटार दुर्बीण एकीकडे फिरवते, तारे दुसरीकडे जातात. ध्रुव पाहायला दांड्यात एक छोटी नळी असते. सामान बांधताना पवनच्या कंबरेत उसण भरली होती, म्हणून वाकून पाहायचं काम आज बायकोकडे होतं.

सामान पुण्याला चाललं होतं. तिथल्या कारखान्यात पवनला नोकरी लागली होती. सकाळी सेवालालचा टेम्पो येणार आणि त्याचं इथलं, केनवडचं, पंपदुरुस्तीचं दुकान बंद होणार. “जायचं ना?” असं त्यानं विचारलं, तेव्हा मंजुषा लगेच “जायचं” म्हणाली होती. विषय संपला. पुण्याच्या उजेडात तारे कुठले दिसायला! म्हणून अंधार पडताच दोघं गच्चीवर आले होते, शेवटचे.

“नीट पाह्य. दिसला?”

“दिसला म्हटलं ना!”

तारा पुन्हा निसटला. पवन कण्हत खाली बसला. “मंजू, खरं सांग.”

तिनं नळीवरचा डोळा काढला. “नाई दिसला. इतके ठिपके हायेत, त्यातला ध्रुव कोनता, मले काय ठाऊक? आपल्या लग्नातबी नवता दिसला. भर दुपारी भटजीनं मांडवाच्या कापडाकडे बोट दाखवलं. लोकं पंगतीसाठी खोळंबले होते. म्हटलं, दिसला.”

आपल्याकडे लग्नात ध्रुव कोणालाच दिसत नाही, आणि नाही दिसला असं कोणी म्हणतही नाही. पवन उसण विसरून हसला.

“मलेबी कापडच दिसलं होतं. तू दिसला म्हनली, मंग मीबी म्हटलं.”

कंबर धरून तो स्वतःच वाकला. ठिपक्यांतला ध्रुव त्यानं तिला ओळखून दिला. तिनं बोल्ट फिरवला, त्यानं थांब म्हटलं. या वेळी तारा जागचा हलला नाही.

“एवढासाच असते ध्रुव?” मंजुषा नळीला डोळा लावून पाहत राहिली. मग डोळा न काढताच म्हणाली, “अवो, पुन्याचंबी असंच झालं का? मले वाटलं, तुमाले जायचं हाये.”

 पवननं खिशातून फोन काढला.

“सेवालालभाऊ, उद्या टेम्पो नका आनू.”