हर्षालीचा पहिला प्रश्न

"वर्गात इंग्रजी सोडून दुसरा शब्द नको," मुख्याध्यापक भामरे सरांनी पुन्हा बजावलं. "आणि त्या हर्षालीला परत बालवर्गात बसवा. शाळा सुरू झाल्यापासून पोरीनं तोंड उघडलेलं नाही."

"मला आठवडाभर माझ्या पद्धतीनं शिकवू द्या, सर," ज्योत्स्ना मिस म्हणाल्या. "नाही जमलं, तर मीच नोकरी सोडते." रागाच्या भरात बोलून गेल्या, पण त्यांनी शब्द मागे घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी त्या पहिलीच्या पोरांमध्येच मांडी घालून बसल्या. हर्षालीला त्यांनी तिच्या घरच्या अहिराणीत विचारलं, "तुन्हा घर कोनकोन शे, बेटा?"

हर्षाली आधी दचकली. मग तिनं आई, आजोबा आणि राणी नावाची बकरी, सगळ्यांची हकिगत सांगितली. थांबायलाच तयार नाही! मिसनी त्यातलाच एकेक शब्द उचलून तो तिला इंग्रजीत म्हणायला शिकवला. मग रोज हेच चाललं.

आठवड्यानं सर वर्गात येऊन हाताची घडी घालून उभे राहिले. मिसनी काही सांगण्याआधीच हर्षाली उठली आणि थेट त्यांनाच म्हणाली, "सर, व्हॉट इज युअर गोट्स नेम?"

"मन्हाकडे बकरी नही शे, म्हैस शे," सर चटकन बोलून गेले, तेही अहिराणीत.

सगळा वर्ग खो खो हसला. सरांनाही हसू आवरेना. "हर्षालीला इथंच राहू द्या, मिस," ते म्हणाले.

ज्योत्स्ना मिस पोरांकडे वळल्या. "म्हैस म्हणजे बफेलो. म्हणा!"

सगळ्यांत मोठा आवाज हर्षालीचा होता.