इप्सिताच्या हातात छिन्नी

"पाभाग, जंघा, बेकी, खपुरी," कुमुदिनीनं एका दमात म्हणून दाखवलं आणि वही मिटली. "देवळाचे भाग खालून वर ह्याच क्रमानं लिहायचे. आता तू म्हण."

"पाठच होत नाही गं," इप्सिता रडकुंडीला आली होती. उद्या बारावीचा शिल्प-स्थापत्याचा पेपर, म्हणून ती सकाळपासून मैत्रिणीच्या ओट्यावर ठाण मांडून बसली होती. समोर पत्र्याखाली कुमुदिनीचा बाप, गदाधर महाराणा, कोणार्कच्या चाकाची लहानशी प्रतिकृती घडवत होता. पुरीच्या त्या गल्लीत घरोघरी हेच काम.

ठोके थांबले.

"पाठ कशाला करायचं, मा?"

कुमुदिनीनं वर पाहिलं. 'मा' अशी हाक बापा फक्त तिलाच मारायचा. पण आत्ता तो इप्सिताकडे बघत होता.

तो उठला. लुंगीवरची भुकटी झटकून अंगणात ताठ उभा राहिला. पायांवर थाप मारली. "हा पाभाग." मग मांडीवर. "ही जंघा." मान धरून म्हणाला, "ही बेकी." आणि डोक्यावर स्वतःच टपली मारून घेतली. "खपुरी, म्हणजे कवटी. अगं, देऊळ म्हणजे उभा माणूस. मान कुठं आणि मांडी कुठं, हे कुणी घोकून लक्षात ठेवतं का?"

इप्सिता खळखळून हसली. "मउसा, एवढं सोपं होतं? मग सरांनी कशाला आमचा जीव खाल्ला!"

कुमुदिनीला हसू आलं नाही. ही यादी तिनं महिनाभर घोकली होती, ह्याच ओट्यावर बसून, मोठमोठ्यानं. बापा चार हातांवर होता. तेव्हा एकदाही ठोके थांबले नव्हते.

गदाधर रंगात आला. चाकाचे आरे, कडेची नक्षी, कुठं दगड दगा देतो, सगळं सांगत सुटला. मुडीची, म्हणजे चुरमुऱ्यांची, वाटी त्यानं इप्सितापुढे सरकवली. तिचे प्रश्न संपेनात, त्याची उत्तरं संपेनात. आणि मग त्यानं आपली छिन्नी तिच्या हातात दिली.

कुमुदिनी बघतच राहिली. तिला त्या हत्यारांच्या जवळपासही तो फिरकू द्यायचा नाही.

"जोर नको लावूस. नुसतं सांग दगडाला."

टक् झालं. दगडाचा नखाएवढा कपचा उडाला.

"वा! हात आहे हं तुला."

"बापा," कुमुदिनीचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "कोणार्कचं देऊळ कुठल्या शतकातलं?"

"ते होय? खूप जुनं गं."

"खूप जुनं असं नाही चालत. शतक सांग. आणि कुठल्या घराण्यानं बांधलं? पाच गुणांना येतं."

गदाधर चाकावरची भुकटी फुंकू लागला.

"नाही ना माहीत? मग तिला कशाला शिकवतोस? नापास होईल ती."



"मउसा, तुम्ही मनावर घेऊ नका," इप्सिता हळूच म्हणाली. "पेपरचं दडपण आलंय तिला."

"माझ्या बापाची समजूत तू काढू नकोस!"

इप्सितानं छिन्नी दगडावर अलगद ठेवली, वह्या गोळा केल्या आणि चपला हातात घेऊनच फाटकाबाहेर पडली.

गदाधरनं छिन्नी उचलली, पंच्यानं पुसली. पुन्हा पुसली. कामाला काही बसला नाही.

"तिला दिलीस," कुमुदिनी म्हणाली. रडायचं नाही असं तिनं ठरवलं होतं, पण ते जमलं नाही. "मला कधी का नाही रे दिलीस?"

त्याला खोकल्याची उबळ आली. बराच वेळ तो खांबाला धरून वाकून उभा होता. छाती शिटीसारखी वाजत होती.

"ती परवा विसरून जाईल," दम लागलेल्या आवाजात तो म्हणाला. "तू लहान होतीस, आठवत नसेल तुला. मी जेवायला आत गेलो होतो. बाहेर आलो तर तू छिन्नी घेऊन बसलेली. कुणी शिकवलं नव्हतं, तरी बरोबर धरली होतीस. अगदी बरोबर. तू हे सोडणार नाहीस आणि ही भुकटी तुझ्याही छातीत बसेल, ह्याची भीतीच वाटली, मा."

कुमुदिनीनं डोळे पुसले. ओट्यावरून उतरून ती त्याच्यासमोर आली आणि तिनं हात पुढे केला.

"आता दे."

गदाधरनं दोन पावलं मागे घेतली आणि लहान मुलं करतात तशी छिन्नी पाठीमागे लपवली.