उडवलेलं वाक्य

"हे वाक्य उडव," निनाद तिच्या स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाला. "मोजणी शून्यापासून सुरू होते, हे कोणाला माहीत नसतं?"

साहेबच सांगतोय म्हटल्यावर ऊर्मिलाने वाक्य उडवलं. कंपनीच्या कोड-लायब्ररीतल्या एका क्लासची, म्हणजे कोडच्या एका तयार साच्याची, माहिती ती लिहीत होती: ठरावीक लांबीची बिटांची रांग. एकदा बांधली की वाढत नाही, घटत नाही. प्रत्येक घरात एक नाहीतर शून्य. समजायला सोपं जावं म्हणून उदाहरणात तिने आपल्याच टीमची आठ माणसं खुर्च्यांच्या क्रमाने मांडली होती. एक म्हणजे कामावर, शून्य म्हणजे बाहेर.

निनादला उदाहरण इतकं आवडलं की नोकरकपातीची यादी त्याने त्याच कोडवर चालवली. तिसऱ्या खुर्चीवरच्या भूषणला घालवायचं होतं, म्हणून कित्येक वर्षांत कोडला हात न लावलेल्या या गृहस्थाने तीन नंबरचं घर शून्य केलं.

सोमवारी भूषण शीळ घालत आत गेला. ऊर्मिलाचं कार्ड मात्र दारात चालेना. शून्यापासून मोजलं तर तीन नंबरचं घर चौथ्या खुर्चीचं होतं, तिच्या खुर्चीचं.

निनाद खाली आला. "चूक झाली खरी. पण यादी वरून मंजूर झालीये, आता मागे घेता येणार नाही."

"आणि कारण काय दाखवणार?"

त्याने मोबाईलवर तिचंच पान उघडून तिच्यापुढे धरलं.

"मोजणी शून्यापासून असते, हे तू कुठेच लिहिलेलं नाहीस."