खाचांमधला रंग

"अंड्याचा बलक," संग्रहालयाचे संचालक म्हणाले. "गुरुजी बलकातच रंग कालवायचे. चित्र त्यांचंच. विषय संपला."

"तपासणीच्या आधीच?" तिने विचारलं.

"फळी बघितलीत का? नुसती खडबडीत. तिथं तुमचं मशीन काय दिवे लावणार?"

ती तडक आपल्या प्रयोगशाळेत आली. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. फळीवरचं ते चित्र तिच्या वडिलांचं होतं, आणि संग्रहालयाने खाली नाव लावलं होतं गुरुजींचं. बाबा गुरुजींकडे मदतनीस होते, हे तिने लपवलं नव्हतं. म्हणून तर संचालक जास्तच कुत्सित बोलत.

"तू तीन महिन्यांची होतीस तेव्हा रंगवलं मी ते," बाबा जन्मभर सांगत आले होते. "गाईच्या दुधात रंग कालवून. म्हाताऱ्याने सरळ लाटलं!"

विषय निघाला की आई उठून आत जायची. "कुणाचं का नाव असेना," एवढंच म्हणायची. लेकीला तिच्या या थंडपणाचीही चीड यायची.

तिने रंगाचे बारीक पापुद्रे काढून मशीनमध्ये ठेवले. लेझर टिंबाटिंबाने फिरे आणि कुठे कोणतं प्रथिन आहे त्याचा नकाशा उमटे. उंचवट्यावर आकडे एक सांगत, खाचेत दुसरंच. मग संख्याशास्त्राच्या चाळणीतून खरंखोटं निवडायचं. माणसाचं प्रथिन दिसलं की ते आधी खोडायचं, हा शिरस्ताच होता. हाताळणाऱ्यांची कातडी, थुंकी, शिंक, दुसरं काय असणार!

तीन आठवड्यांनी निकाल आला. अंडं नाही. गाईचं दूधही नाही. काहीच नाही.

"म्हटलं नव्हतं?" संचालक हसले. "आता रंग हवेनेच चिकटलाय म्हणायचं!"

तिचं डोकं फिरलं. संचालकांवर, मशीनवर, स्वतःवरही. काहीतरी कालवल्याशिवाय रंग फळीला धरेलच कसा? तिने सगळं पुन्हा मुळापासून तपासायला घेतलं आणि खोडलेले आकडे परत घातले.

माणसाचं प्रथिन होतं. बोटं लागतात त्या उंचवट्यांवर जेमतेम, आणि खोल खाचांमध्ये, रंगाच्या आत, भरपूर. प्रत्येक पापुद्र्यात तेच. योगायोग म्हणावा तर लाखात एक. आणि ते कातडीचंही नव्हतं, थुंकीचंही नव्हतं. पडद्यावरचं नाव तिने तीनदा वाचलं. ते दुधाचं होतं. बाळाला पाजतात ते, बाईचं दूध.

ती तीन महिन्यांची असताना घरात अंगावर पाजणारी एकच बाई होती, आणि रंगात काय कालवलंय हे बाबांना ठाऊकच नव्हतं. मग तिने घरी फोन लावला. पहिल्याच घंटीला बाबांनी उचलला.

"काय गं, झालं ना सिद्ध? नाव लागणार ना आता?"

"लागणार," ती म्हणाली. संचालकांशी बोलताना व्हायचा तसा तिचा आवाज धारदार झाला होता. "बाबा, फोन आईला द्या."